मुदत विचारणारे मगदूम मास्तर

आदरणीय आदिनाथ बाळगोंडा मगदूम यांची आणि माझी पहिली ओळख वर्गात झाली नाही, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात झाली. मी तेव्हा बेळगावच्या हायस्कुलात इंग्रजी चौथीत नुकताच दाखल झालो होतो. मास्तर वर्गात आले, टेबलावर पुस्तक ठेवले, कोटाच्या खिशातून पितळी डबी काढली आणि तपकिरीची चिमूट ओढून असे शिंकले की भिंतीवरचा नकाशा हलला. मी हसलो. हसलो म्हणजे चांगला खिदळलो. मास्तरांनी रुमालाने नाक पुसले आणि शांतपणे म्हणाले, "तू बाहेर जा. ही कविता वाचून होईपर्यंत. झाली की मी बोलावतो."

त्याआधीच्या शाळेत मला अनेकांनी बाहेर काढले होते. तिथे एकदा बाहेर गेलेला मुलगा घंटा होईपर्यंत खांबाला टेकून उभा राही, कारण काढणाऱ्याला पुढे त्याची आठवणच राहत नसे. मास्तरांनी कविता संपवली, पुस्तक मिटले आणि स्वतः दारापर्यंत येऊन म्हणाले, "या गणपतराव, तुमची मुदत संपली." पोरे हसली, मीही हसलो आणि जाग्यावर जाऊन बसलो. मास्तरांच्या स्वभावाची किल्ली मला त्या पहिल्याच दिवशी मिळाली होती. ती कुठल्या कुलपाला लागते हे कळायला मात्र पुढचे वर्ष उजाडावे लागले.

मास्तरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्यावा असे समितीने कळवले, तेव्हा चिटणिसांनी बजावले होते की मास्तरांच्या इंग्रजी अध्यापनाविषयी शास्त्रशुद्ध लिहा, किस्से सांगत बसू नका. चिटणीस माझे स्नेही आहेत, म्हणून त्यांचे ऐकायचे नाही असे मी ठरवले आहे. मास्तरांचे अध्यापन किश्श्यांतून वेगळे काढता येत नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट एका इंग्रजी क्रियापदाची आहे, आणि त्या क्रियापदामुळे आमच्या घरातला माग वाचला.

मास्तर मूळचे निपाणीकडचे. घरची तंबाखूची शेती, घरात कानडी आणि मराठी दोन्ही सारख्याच चालत. मास्तर रागावले की कानडीत जात आणि समजूत घालताना मराठीत येत. इंग्रजीचा मुक्काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असे. त्यांच्या शिकवण्याची रीत अगदी साधी होती. नवा शब्द आला की ते त्याची जन्मकथा सांगत, अर्थ मात्र सांगत नसत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्या शब्दाचे एक वाक्य आणायचे आणि ते आपल्या गल्लीतले हवे. पुस्तकातल्या राजाचे, त्याच्या घोड्याचे किंवा इंग्लंडातल्या बर्फाचे वाक्य आणले की मास्तर म्हणत, "हा बर्फ तुमच्या खडेबाजारात कधी पडला?" वाक्ये ऐकता ऐकता अर्थ आपोआप बाहेर येई. या रीतीमुळे नेमलेले पुस्तक वर्षाअखेर कधीच पुरे होत नसे. एका इन्स्पेक्टरसाहेबांनी तर तसा शेराही मारला होता. मास्तरांनी तो शेरा आम्हांला वाचून दाखवला आणि त्यातल्या दोन शब्दांची वाक्ये दुसऱ्या दिवशी आणायला सांगितली.

आता आमच्या घराकडे वळतो. आम्ही शहापूरचे विणकर. शहापूर संस्थानी हद्दीत आणि शाळा इंग्रजांच्या खालसा मुलखातल्या बेळगावात, त्यामुळे मी रोज चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जाई. आमच्या गल्लीत घरटी माग होता. पहाटेपासून सगळी गल्ली खटखट वाजत असे आणि त्या आवाजातच आम्ही पोरे झोपत, उठत, भांडत असू. अमावास्येला मात्र माग बंद. त्या दिवशी धोट्याला हात लावायचा नाही, मागाची आणि गल्लीतल्या देवीची पूजा करायची आणि स्वस्थ बसायचे, ही पिढ्यानुपिढ्यांची चाल. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प होई की आडावरचा रहाट दोन्ही टोकांना ऐकू येई.

अशाच एका अमावास्येला आमच्या वडिलांनी माग चालवला. नंदगडच्या एका मुलीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते. नेसवायचे लुगडे वडिलांनी कबूल केले होते आणि मधे मी तापाने पडल्यामुळे काम मागे राहिले होते. वीतभर विणायचे उरले होते. दार लावून घेतले म्हणून माग काही मुका होत नाही. गप्प गल्लीत एकट्या आमच्या घराची खटखट सुरू झाली आणि शेवटच्या घरातला माणूसही बाहेर येऊन उभा राहिला.

संध्याकाळी पंच बसले. पंचांचे कारभारी शंकर आप्पा. उंच, हाडापेराने मजबूत, सगळ्या गल्लीत सूत ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांचा मुलगा दत्तू माझ्याच वर्गात होता. आप्पांनी वडिलांना सरळ सांगितले, "नागाप्पा, चुकलो म्हन. देवीला नारळ फोड आनि घरला जा."

वडील कामाला सोन्यासारखे आणि बोलायला तिखट. ते म्हणाले, "पोरीच्या अंगावर लगनाचं लुगडं घातलं, त्यात काय चुकलं आप्पा? देवीला सुट्टी लागत आसंल, लगनाला सुट्टी न्हाय."

पंचांसमोर देवीविषयी असे बोलल्यावर नारळावर कोण थांबणार? त्याच बैठकीत आमचे घर वाळीत पडले.

वाळीत पडणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याला सांगून कळत नाही. आईला आडावर बायका वाट देत, पण बोलत नसत. सणाला कोणी हळदीकुंकवाला बोलावीना. दत्तू आणि मी पहिल्या इयत्तेपासून एकत्र शाळेला जात होतो. आता तो शंभर पावले पुढे चाले. हे सगळे सोसवले असते, पण विणकराला खरा फास पांजणीचा. मागावर चढवण्याआधी ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, लांबच लांब सूत पहाटे गल्लीत आडवे ताणून बांधायचे, त्याला पिठाची पातळ खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्याने एकसारखे विंचरून वाळवायचे. याला आठ-दहा जाणती माणसे लागतात. म्हणून आमच्यात आज माझी पांजणी तर उद्या तुझी, अशी फिरती हातमदत चाले. कोणी मजुरी मागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. वाळीत पडलेल्याच्या पांजणीला मात्र कोणी येत नाही आणि पांजणीवाचून माग हे नुसते लाकूड असते.

वैशाखात हे झाले. दिवाळीपर्यंत घरातले जुने पांजलेले सूत संपले आणि आमचा माग थांबला. आपल्याकडे रोजच अमावास्या झाली, असे आई म्हणे आणि पदराने डोळे पुशी. शेवटी वडिलांनी ठरवले की माग विकायचा आणि सोलापूरला गिरणीत जायचे. वडगावचे एक गिऱ्हाईक येऊन माग बघूनही गेले. माझी शाळा अर्थातच सुटणार होती. मी कोणाला काही सांगितले नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गात अथेन्स शहराचा धडा आला आणि त्यात तो शब्द आला, ऑस्ट्रसाइझ. मास्तरांनी नेहमीप्रमाणे जन्मकथा सांगितली. प्राचीन ग्रीक लोकांच्या त्या शहरात कोणी एक माणूस फार डोईजड झाला असे वाटले की लोक चौकात जमत. फुटक्या मडक्याची खापरे घेत आणि प्रत्येक जण आपल्या हाताने त्यावर नाव कोरी. ज्याच्या नावाची खापरे सर्वांत जास्त, त्याने शहर सोडून जायचे. खापराला ग्रीक भाषेत जो शब्द, त्यावरून हे क्रियापद आले.

दत्तूने हात वर केला. "म्हंजे आपल्यातलं वाळीत टाकनं न्हवं का, सर?"

"जवळचं आहे," मास्तर म्हणाले. "तेच आहे की नाही, ते उद्या तुमची वाक्ये ऐकून ठरवू. एक लक्षात ठेवा. तो माणूस दहा वर्षांसाठी जायचा. त्याचं घर, शेत, सगळं त्याच्याच नावावर राहायचं. दहा वर्षांनी तो परत आला की त्याच्याविरुद्ध कोणी ब्र काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी वाक्ये आली. कॅम्पातल्या एका मुलाने आणले होते की आमच्या कुत्र्याने मांजराला ऑस्ट्रसाइझ केले. मास्तरांनी विचारले, "किती खापरे पडली?" एकाने चुलत्याला घालवले, एकाने गावातल्या चोराला. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि रात्रभर मनात घोळवलेले वाक्य एका दमात म्हटले. "द लेन हॅज ऑस्ट्रसाइज्ड माय फादर."

दत्तूने मान खाली घातली. मास्तरांचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला होता, तो तिथेच राहिला. मला वाटले, आता ते कनवाळूपणाने काहीतरी बोलणार आणि मी सगळ्यांसमोर रडणार. पण मास्तर म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे. शब्द चुकीचा आहे. बस."

मला असा संताप आला म्हणता! आमचे घर बुडत होते आणि हे शब्द तपासत होते. मी बसलो नाही. मी म्हणालो, "बरोबर आहे, सर. आम्हांला टाकलं आहे."

"किती दिवसांसाठी?"

"म्हणजे?"

"मुदत किती? पाच वर्षे, दहा वर्षे? मुदत असेल तर तुझा शब्द बरोबर. नसेल तर दुसरा शोधावा लागेल."

मला माहीत नव्हते. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हते. मास्तर दत्तूकडे वळले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "दत्तू, तुझे वडील कारभारी आहेत ना? त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचारून ये, मुदत किती ठरली आहे. भांडण म्हणून नको, अभ्यास म्हणून विचार. आमचा धडा अडला आहे म्हणावं."

मंडळी, मास्तरांचे थोरपण मला इथे दिसते. त्यांनी दत्तूला दोष दिला नाही, माझी कीव केली नाही. दोघांना एकच अभ्यास दिला.

पुढे काय झाले ते दत्तूने मला नंतर सांगितले. त्याने घरी प्रश्न विचारला तेव्हा आप्पांनी आधी त्याच्यावर डोळे वटारले. मग ते विचारात पडले. मग उठून दुसऱ्या पंचांकडे गेले. ते पंच म्हणाले, आमच्या आज्याच्या वेळी एक घर टाकले होते, त्याला मुदत होती का ते आठवत नाही. ते घर गाव सोडून गेले, एवढे आठवते. तिसऱ्या पंचांना वाटत होते की मुदत आप्पांनीच ठरवली असेल. आठवडाभर हा प्रश्न गल्लीत असा फिरला की ज्याला त्याला तो अंगावर आल्यासारखा वाटू लागला. उत्तर कोणाजवळच नव्हते, कारण आजवर कोणी विचारलेच नव्हते.

दत्तूने वर्गात येऊन सांगितले, "आप्पा म्हनाले, मुदत-बिदत काय न्हाय."

"मग गणपतचा शब्द चुकला," मास्तर म्हणाले. "त्या लोकांनी माणूस बाहेर घालवला तेव्हाच त्याच्या परतीचा दिवसही ठरवून ठेवला होता. आपण घालवलं आणि दिवस ठरवायला विसरलो. ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं, मला ठाऊक नाही." एवढे बोलून त्यांनी पुढचा धडा काढला.

वर्ग सुटल्यावर मात्र त्यांनी मला थांबवून घेतले. तेव्हा मी सगळे सांगितले, मागाचे, गिऱ्हाइकाचे, सोलापूरचे. वडिलांजवळ सुताचा एक ताणा शिल्लक होता, तोही न पांजलेला. मास्तरांनी विचारले, "पांजणीला माणसे किती लागतात?"

"आठ-दहा, सर."

"आमच्या वर्गात त्याहून जास्त आहेत. रविवारी आईला खळ शिजवून ठेवायला सांग."

रविवारी तांबडे फुटायला मास्तर आमच्या गल्लीत शिरले. अंगात कोट, डोक्याला रुमाल, हातात काठी आणि मागे वर्गातली पोरे. एरवी शाळेतला मास्तर गल्लीत आला की बायका पदर सावरून आत जातात. त्या दिवशी दारेच्या दारे उघडी राहिली. मास्तर आमच्या उंबऱ्याशी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "वहिनी, पाणी द्या. चालून तहान लागली."

आईने वडिलांकडे बघितले. इतक्या महिन्यांत आमच्या घरचे पाणी कोणी मागितले नव्हते. तिने तांब्या आणला. मास्तर जैन, गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्यांनी खिशातून स्वच्छ फडके काढले, घडी घालून भांड्यावर धरले, सावकाश पाणी गाळले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून ते प्यायले. घाई म्हणून नाही. त्या पाण्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सगळी गल्ली बघत होती. आईचे डोळे भरून आले.

मग पांजणी सुरू झाली आणि ती कशी झाली हे आठवले की आजही मला हसू आवरत नाही. वडिलांनी ताणा बांधला, रीत समजावून सांगितली, पण एक माणूस दोन्ही टोकांना कसा पुरणार? कॅम्पातला तो कुत्रा-मांजरवाला मुलगा खळीचे भांडे घेऊन पळत सुटला आणि सुतावर गोळेच्या गोळे पडले. मास्तरांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि कुंचा हातात घेतला. कुंचा एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवायचा असतो. मास्तर तो खाली-वर असा फिरवत होते, जसे फळा पुसतात. सूत सुताला चिकटू लागले. ऊन वर येत होते. वडील या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते आणि म्हणत होते, "मास्तर, तसं न्हवं, तसं न्हवं." मास्तर "असं का?" म्हणत आणि पुन्हा तसेच करीत.

समोरच्या कट्ट्यावर शंकर आप्पा पाठ करून बसले होते. पाठ केली होती खरी, पण दर थोड्या वेळाने मान वळत होती. दारादारांत उभ्या असलेल्या विणकरांचे हात नुसते शिवशिवत होते. मी बघत होतो ना, एक म्हातारे काका तर हवेतच कुंचा फिरवत होते. चांगले सूत डोळ्यांदेखत नासते आहे आणि आपण हाताची घडी घालून उभे आहोत, ही शिक्षा आमच्यापेक्षा त्यांना जड होत चालली होती.

एक धागा तुटला. मग दुसरा. मग एकदम तीन-चार.

"आरं रं रं!" आप्पा कट्ट्यावरून उठले ते थेट ताण्यापाशीच आले. "सूत मारालायसा की! सोडा त्यो कुंचा, मास्तर, तुमी साळंत शिकवा जावा! नागाप्पा, तुझं डोळं फुटल्यात काय रं? खळ किती जाड केलीया! पानी आना पानी! दत्त्या, बघत काय उभारलास? शिंपड की!"

आप्पांचा आवाज म्हणजे गल्लीचा आवाज. तो ऐकायची सगळ्यांना जन्माची सवय. पाच-सहा घरांतून माणसे उड्या टाकून आली. कोणी गोळे सोडवले, कोणी तुटलेले धागे सांधले, कोणी टोक ताणून धरले. दत्तू माझ्या शेजारी उभा राहून पाणी शिंपडू लागला. मास्तर आणि आमची पोरे बाजूला झाली, म्हणजे त्यांना बाजूला ढकलण्यातच आले. वडील आणि आप्पा समोरासमोर दोन कुंचे घेऊन ताण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, एकमेकांकडे न बघता, पण एका लयीत. ऊन पुरते चढायच्या आत ताणा सुका, मोकळा, झाडल्यासारखा स्वच्छ झाला.

आणि मग सगळ्यांना आठवले.

प्रत्येकाच्या हाताला आमच्या घरची खळ लागलेली होती. आप्पांनी आपले हात बघितले. आई पाण्याची घागर घेऊन बाहेर आली आणि आप्पांसमोर उभी राहिली, पण ओतायचे धाडस तिला होईना. ते हात पुढे करतात की आपल्या घरी जाऊन धुतात, यावर आमचा माग, आमचे घर, माझी शाळा, सगळे टांगून राहिले होते.

तेव्हा मास्तर कोट चढवत अगदी सहज म्हणाले, "आप्पा, मुदत किती ते अजून कळलं नाही. आमचा धडा तसाच राहिलाय."

आप्पांनी मास्तरांकडे बघितले. मग वडिलांकडे बघितले. मग म्हणाले, "लिवा मास्तर. मुदत हुती आज सकाळपातूर."

आणि त्यांनी आईपुढे दोन्ही हात धरले.

पुढच्या अमावास्येला वडिलांनी कोणी न सांगता देवीला नारळ फोडला आणि मागाला हात लावला नाही. आप्पांनीही आपणहून सांगितले की लग्नाचे लुगडे अडले तर आधी मला येऊन सांगावे, वाट काढू. वडगावचे गिऱ्हाईक माग न्यायला आले ते चहा पिऊन परत गेले. आमच्या गल्लीत तेव्हापासून एक नवी चाल पडली. कोणाला काही शिक्षा करायची तर आधी मुदत सांगायची. मुदत सांगायची म्हटले की पंचांना बोटे मोजावी लागतात, आणि बोटे मोजू लागले की राग उतरतो. गेल्या कित्येक वर्षांत आमच्यात कोणी वाळीत पडलेले मला तरी आठवत नाही.

मास्तर पुढे निपाणीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून गेले आणि त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकवायचे भाग्य मला मिळाले. तिथेही त्यांचा तोच एक प्रश्न असे. संकेश्वरकडचा एक महार मुलगा शाळेत आला. आमच्या एका सहकाऱ्यांनी त्याला दाराबाहेर बसायला सांगितले. मास्तरांनी त्या गृहस्थांना खोलीत बोलावले आणि आवाज न चढवता विचारले, "बाहेर बसवलात, ठीक. किती वेळ? मी मुलांना बाहेर काढतो तेव्हा मुदत सांगतो आणि आत बोलवायला स्वतः जातो. तुम्ही ह्याला आत बोलवायला कधी जाणार?" मास्तर स्वतः उठले, त्या मुलाचे दप्तर उचलले आणि त्याला पहिल्या बाकावर नेऊन बसवले. काही पालकांनी आपली मुले शाळेतून काढली. मास्तर त्या प्रत्येकाच्या घरी गेले आणि एवढेच विचारून आले की किती दिवसांसाठी काढले आहे. बहुतेक मुले परत आली. काही आली नाहीत, त्याचे मास्तरांना अजून वाईट वाटते. तो मुलगा म्हणजे आजचे एक शिक्षक, आणि या ग्रंथात त्यांचाही लेख आहे.

आता एक राहिले. निपाणीला असताना मी एकदा धीर करून मास्तरांना विचारले, "सर, त्या दिवशी कुंचा तुम्ही मुद्दाम तसा फिरवलात का?" मास्तरांनी तपकीर ओढली, शिंकले आणि म्हणाले, "अरे, मी तंबाखूच्या घरातला माणूस. मला कुंचा कुठला येतोय?" मी विश्वास ठेवला असता. पण मास्तरांच्या पत्नी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, आतून म्हणाल्या, "आदल्या दिवशी वडगावला कुणाची पांजणी बघत सकाळभर बसलेवते की! कोटाला खळ लावून घेऊन आलेवते, मीच धुतला." मास्तर आक्कांना कानडीत काहीतरी बोलले. मला कानडी कळते, पण ते इथे लिहिण्याजोगे नाही. सकाळभर बघून आलेला हुशार माणूस इतकी वाईट पांजणी कशी करील, याचा विचार वाचकांनीच करावा.

देशाचे राज्य देशाच्या हाती येणार, अशा वार्ता हल्ली रोज येतात. नव्या राज्यात कोण आत, कोण बाहेर, याचीही चर्चा रोज ऐकतो. कधी कधी भीती वाटते. मग वाटते की मास्तरांच्या वर्गातून बाहेर पडलेली शेकडो माणसे आज या मुलखात ठिकठिकाणी बसली आहेत, आणि कोणी कोणाला बाहेर काढू लागला की त्यातला एखादा तरी उठून विचारील, मुदत किती? एवढ्यानेही पुष्कळ काम होईल असा मला भरवसा आहे.

या समारंभासाठी आमच्या गल्लीने मास्तरांना एक धोतर आणि आक्कांना एक लुगडे विणले आहे. विणले माझ्या वडिलांनी. पांजणीला सगळी गल्ली होती. शंकर आप्पा आता फार थकले आहेत, नजर गेली आहे. तरी खुर्ची टाकून मधोमध बसले होते आणि सुतावरून नुसता हात फिरवून सगळ्यांना शिव्या देत होते. काम झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "मास्तरास्नी साठ लागली म्हनं?"

"व्हय, आप्पा."

"त्यास्नी माझा नमस्कार सांग. म्हनावं, मुदत इचारायला तुमीच शिकवलासा. तुमच्या आयुष्याची मुदत तेवढी आमी कुनाला इचारनार न्हाय, आनि कुनी सांगितली तर ऐकनार न्हाय."

मास्तर, मी आपला शिष्य. आपल्यापुढे याहून चांगले वाक्य मला आणता येत नाही. ते आमच्या गल्लीतलेच आहे.